तिसऱ्या ग्लासातली बिअर

हे मी काही वर्षं कुणाला सांगितलं नाही. कुणी विषय काढलाच तर मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर गुडघ्याचं गाऱ्हाणं सुरू करायचो. माझ्या वयाच्या माणसाचा गुडघा कुठलाही विषय बदलायला पुरतो. पण गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षकांचा मेळावा झाला. तिथे कुणीतरी भूगोल सरांची आठवण काढली आणि दुसरा म्हणाला, "शेवटी शेवटी बिअरमधलं काही कळत नव्हतं हो त्यांना. नुसता आव." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

तो आव असेलच तर त्यातला अर्धा माझा होता. आणि ज्या दुपारी तो उघडा पडला, त्या दुपारचा सगळा माझा होता.

ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. शाळा नारायण पेठेतली. मुलं त्यांना भूगोल सरच म्हणायची आणि पुढे आम्हीही म्हणायला लागलो. मला ते भाषाप्रभू म्हणायचे. त्यात कौतुक नव्हतं, हे पुण्यातल्या माणसाला सांगायला नको.

दर शनिवारी संध्याकाळी सहाला नदीकडच्या रस्त्यावरच्या एका परमिट रूममध्ये आमचं टेबल असायचं. आम्ही दोघं, एक बँकेतून निवृत्त झालेले आणि एक होमिओपॅथीचे डॉक्टर. भूगोल सर अर्ध्या ग्लासाच्या वर कधी प्यायले नाहीत. त्यांचा रस पिण्यापेक्षा दुसऱ्यानं काय प्यावं यात जास्त होता. बिअरचं नाव ते कधी घ्यायचे नाहीत. "ब्रँड म्हणजे आडनाव. आडनावावरून माणूस कळतो का?" असं म्हणायचे. बाटली उलटी करून चष्मा कपाळावर चढवायचे आणि कुठे भरली, कुठल्या महिन्यात भरली, ते वाचायचे. बिअर म्हणजे मुळात पाणी, हा त्यांचा सिद्धांत. "ही गोदावरीची दिसते. उन्हाळ्यातली आहे, धरणात तळ दिसत असताना भरलेली. नका घेऊ." मग खिशातून शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना तापमापक निघायचा आणि ग्लासात बुडायचा. "दोन अंश. अण्णा, ही बिअर नाही, बर्फाचा गोळा आहे. दहा मिनिटांनी आणा." अण्णा, म्हणजे तिथला वेटर, ग्लास उचलून न्यायचा आणि आत कुठेतरी नुसता ठेवून द्यायचा. हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

परमिट रूममध्ये बसायला परवाना लागतो, हे कायद्यात आहे आणि कुणाच्या डोक्यात नाही. यांच्या खिशात होता. आयुष्यभराचा, प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलेला. दर शनिवारी बसण्याआधी ते तो अण्णापुढे धरायचे.

"काका, कोणी बघत नाही हो."

"म्हणूनच तुम्ही बघा."

एकदा कुणा पालकानं शाळेत तक्रार केली. मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून घेतलं. यांनी परवाना त्यांच्या टेबलावर ठेवला. "बाई, यावर लिहिलंय की हे पिणं माझ्या प्रकृतीच्या रक्षणासाठी आहे. माझ्या प्रकृतीला शाळेची हरकत असेल तर तसं लेखी द्या." बाई म्हणाल्या, "अहो पण पालकांनी तुम्हाला तिथे पाहिलं." हे म्हणाले, "पाहिलं म्हणजे तेही तिथे होते. मी परवान्यासकट होतो. त्यांचं विचारा." प्रकरण तिथेच मिटलं.

त्यांची खरी ओळख म्हणजे चिठ्ठ्या. भूगोलाच्या परीक्षेला महाराष्ट्राचे कोरे आराखडा नकाशे येतात ना, त्यातले उरलेले त्यांनी गठ्ठ्यानं घरी आणून ठेवले होते. एका नकाशाचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येक शनिवारी प्रत्येकाला एक चिठ्ठी लिहायची. वर 'आज तुम्हाला', खाली 'कारण'. मागच्या बाजूला कुणाला कोकण यायचं, कुणाला विदर्भ. बँकवाल्यांना एकदा लिहिलं होतं: "निळ्या झाकणाची, एकच. कारण: मुलाचा फोन आलेला नाही. दुसरी घेतलीत तर आपणहून त्याला फोन लावाल आणि भांडाल." बँकवाले चिठ्ठी वाचून बराच वेळ शेंगदाणे सोलत बसले. त्या दिवशी त्यांनी एकच घेतली.

"बिअर वाईट नसते हो. चुकीच्या माणसापुढे येते," असं ते म्हणायचे. शेजारच्या टेबलावर कुणी एकटा पोरगा कडक बिअर घेऊन बसला, तर त्यांना राहवायचं नाही. "माफ करा, ती परत करा. ती तुमची नाही."

"काका, तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. तुमची संध्याकाळ जाते."

तो पोरगा वैतागून उठून गेला. पुढच्या शनिवारी आला आणि आमच्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "आज काय घेऊ?" असे पुष्कळ जण झाले. नदीकडच्या त्या रस्त्यावर त्यांचा शब्द चालायचा.

माझी चिठ्ठी मात्र पहिल्यापासून एकच. "भाषाप्रभूंना: कुठलीही चालेल. कारण: यांना चव नाही, शब्द आहेत." पहिल्यांदा मीच सगळ्यांत मोठ्यानं हसलो होतो. मग टेबलाला सवय झाली. चिठ्ठ्या वाटून झाल्या की डॉक्टर विचारायचे, "भाषाप्रभूंचं काय?" आणि सगळे मिळून ते वाक्य म्हणायचे. मुलं पाढे म्हणतात तसं. हे पंचवीस-तीस वर्षं. एखादं वाक्य तीस वर्षं ऐकलं की माणूस त्याला उत्तर तयार करत राहतो आणि देत नाही. माझ्याकडे पुष्कळ उत्तरं साठली होती.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत ते आजारी पडले. बरे झाले. पुन्हा सगळं उघडायच्या थोडं आधी एका सकाळी माझ्या घरी आले. खिशातून हिंगाची डबी काढली, झाकण उघडून माझ्यापुढे केली. मी मागे सरलो. मग त्यांनी ती स्वतःच्या नाकाशी धरली, अगदी टेकवली, आणि मिटून ठेवली.

"काही नाही," म्हणाले. "चार महिने झाले. घरी ही म्हणते, यांना आता जळलेली आमटीपण चालते, मला बरंच झालं."

"जीभ?"

"कडू, गोड एवढं कळतं. पण ते खरंच कळतं की सवयीनं वाटतं, सांगता येत नाही. कशावर भरवसा ठेवायचा?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भाषाप्रभू, तुमची जीभ उसनी पाहिजे."

लोकांनी कीव केलेली त्यांना नको होती. टेबलावरच्या दोघांना कळू द्यायचं नव्हतं. तेव्हापासून आम्ही दर शनिवारी अर्धा तास आधी जायला लागलो. मी एक घोट घ्यायचा आणि सांगायचं. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "प्रसन्न आहे. मनमोकळी."

"विशेषणं नकोत. तुमच्या निबंधाला दहापैकी तीन. कशासारखा वास आहे? घरातल्या कशासारखा?"

मी पुन्हा घोट घेतला. डोळे मिटले. "सातूचं पीठ," म्हणालो. "आई उन्हाळ्यात भाजून ठेवायची, तो डबा उघडल्यावर येतो तसा."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग मला येत गेलं. पावाची करपलेली कड. मोसंबीचं साल. भिजलेलं गोणपाट, म्हणजे बाटली उन्हात राहिलेली. लाकडी पेटीतले जुने कपडे. ते प्रश्न विचारायचे, मी शोधायचो, ते जुळवायचे आणि चिठ्ठ्या लिहायचे. बँकवाले आणि डॉक्टर आले की चिठ्ठ्या तयार. "अहो, तुमचं नाक म्हणजे नाक आहे," डॉक्टर म्हणायचे, आणि मी समोरचा पापड मोडायचो. माझ्या निवृत्तीनंतरच्या आयुष्यात तो अर्धा तास सगळ्यांत चांगला होता, हे मी आज कबूल करतो. तेव्हा केलं असतं तर बरं झालं असतं.

आणि त्यानंतरही माझी चिठ्ठी तीच यायची. यांना चव नाही, शब्द आहेत. मी एकदा रस्त्यावर म्हणालो, "सर, आता तरी ते बदला." ते म्हणाले, "एकदम बदललं तर संशय येईल हो." त्यांचं बरोबर होतं. पण ज्याच्या जिभेवर हा माणूस उभा होता त्याला दर आठवड्याला चव नाही म्हणायचं आणि त्यानंही हसायचं, हे मला बोचायला लागलं. मी ते बोललो नाही. बोललो असतो तर ते काहीतरी तिरकस म्हणाले असते आणि विषय संपला असता.

त्यांच्या एका माजी विद्यार्थ्यानं येरवड्याच्या पुढे स्वतः बिअर बनवून विकायची जागा काढली. काचेमागे तांब्याच्या टाक्या, बाहेर उंच स्टुलं. तो लहानपणापासून यांच्याबद्दल ऐकून होता. त्यानं येऊन सांगितलं, आमच्या तीन बिअर आहेत, एका शनिवारी दुपारी या, चाखा आणि कुठली कुणाला द्यावी ते लोकांसमोर सांगा. भिंतीवर महाराष्ट्राचा कोरा नकाशा लावून त्यावर कायमची पाटी करणार होता, 'सरांची शिफारस' म्हणून.

जाताना रिक्षात ते ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात तापमापक. पुलावर म्हणाले, "शिक्षक दिनाला नारळ मिळायचा. मला जे कळतं त्यासाठी पहिल्यांदा कुणी बोलावलंय." थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणजे कळायचं." आणि माझ्या हातावर हात ठेवला. तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

तिथे बरीच तरुण मंडळी होती. विद्यार्थ्यानं सरांना वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, हेपण आपल्या शाळेत होते का?" मी त्याला दोन वर्षं शिकवलं होतं. त्याचा निबंध मी वर्गात वाचून दाखवला होता. भूगोल सर म्हणाले, "हे भाषाप्रभू. यांना चव नाही, शब्द आहेत." पोरं खळखळून हसली. एक मुलगी म्हणाली, "सॉलिड आहेत काका." ती नवी माणसं होती, त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं होतं, म्हणून ती मनापासून हसली. आमच्या टेबलावर ते वाक्य बोथट झालं होतं. तिथे त्याला पुन्हा धार आली.

आम्ही आधी निवांत चाखून घ्यावं म्हणून टाक्यांच्या बाजूला एक छोटं टेबल दिलं होतं. तीन ग्लास. पहिल्याचं मी खरं सांगितलं. दुसऱ्याचं खरं सांगितलं. तिसरी दिसायला फिक्या सोनेरी रंगाची, जरा गढूळ. नाकाशी नेली तर संत्र्याचं साल, आणि घोट घेतला तर कडुलिंबाचा काढा. गिळल्यावरही घशात राहणारी.

मी म्हणालो, "मऊ आहे. पिकलेलं केळं, थोडी लवंग. कडवटपणा नावाला नाही. पहिल्यांदा पिणाऱ्याला द्यावी अशी."

तोंडून चुकून गेलं, असं मी स्वतःला फार दिवस सांगत आलो. ते खोटं आहे. घोट गिळून तोंड उघडेपर्यंत अर्धं मिनिट गेलं आणि त्या अर्ध्या मिनिटात मी ते ठरवलं. फार वाईट व्हावं असं वाटलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, चव कुणाला आहे ते दिसावं एवढंच वाटलं होतं.

त्यांनी त्या ग्लासातला एक घोट घेतला. माझ्याकडे पाहिलं. "कडवट नाही?"

"नाही."

"बरं," म्हणाले आणि लिहून घेतलं.

मग त्यांना माइक दिला. पहिल्या दोन बिअरबद्दल ते इतके छान बोलले की पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिसरा ग्लास उचलून ते म्हणाले, "आणि ही, ज्यानं आजवर बिअर प्यायलेली नाही, त्याला द्या. कडवटपणा नावाला नाही." सॉलिड काका म्हणालेली मुलगी पुढे झाली. "सर, मी. माझी पहिलीच." मोठा घोट घेतला आणि तोंडावर हात धरून वाकली. आधी दोघं-तिघं हसले, मग सगळे. बिअर बनवणारा तरुण संकोचून म्हणाला, "सर, ही आमची सगळ्यात कडू आहे." मागून कुणीतरी म्हणालं, "सरांना कोविड झालेला वाटतं." पुन्हा हशा.

भूगोल सरांनी माइक तोंडापासून जरा दूर धरला, वर्गात खडू धरायचे तसा.

"झाला होता," म्हणाले. "तेव्हापासून मला वास येत नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं. तुमची पाटी करू नका."

आणि खाली बसले. ते शब्द कुणाचे होते, हे त्यांनी सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. मला उठून एवढंच म्हणायचं होतं की चूक माझी आहे. मी उठलो नाही. त्या विद्यार्थ्यानं आम्हाला दारापर्यंत सोडलं, दोन-तीनदा सॉरी सर म्हणाला. सॉरी म्हणणारा तिथे तो एकटाच होता.

बाहेर फुटपाथवर ऊन होतं. रिक्षा मिळत नव्हती. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला कडूच लागली होती हो."

मी येणाऱ्या रिक्षाला हात केला. ती थांबली नाही.

"पण तुम्ही नाही म्हणालात. म्हटलं, आता जीभही गेली." चष्मा पुसला. "म्हणजे जीभ शाबूत आहे. कळलं ते बरं झालं."

त्यात टोमणा नव्हता. तीस वर्षांत त्यांचं पहिलं वाक्य असेल, ज्यात टोमणा नव्हता. रिक्षा आली. ते बसले आणि सरकले नाहीत. मी दुसरी रिक्षा केली.

त्यानंतर ते शनिवारी आले नाहीत. डॉक्टरांनी फोन केला तर म्हणाले, गुडघा दुखतो. येरवड्याची गोष्ट कानावर आली तेव्हा बँकवाले म्हणाले, "इतकी वर्षं आपल्याला बनवलं की काय यांनी?" इथे मला तोंड उघडायला दुसरी संधी होती. मी म्हणालो, "जाऊ द्या हो, वय झालं." महिन्याभरात टेबल मोडलं. बँकवाले घरीच प्यायला लागले, पाहिजे तेवढी. त्यांना कुणी चिठ्ठी देत नव्हतं. एकदा रस्त्यात अण्णा भेटला. "काका कुठे आहेत? परवाना दाखवायला कोणीच येत नाही," म्हणाला.

सहा-सात महिन्यांनी वहिनींचा फोन आला, म्हणजे त्यांच्या पत्नीचा. "हे जेवत नाहीत. चव नाही म्हणतात. तुम्ही येऊन बघा, तुमचं ऐकतील." मी गेलो. जाताना थंडीच्या दिवसांत भरलेली एक बाटली शोधून घेतली, बूड बघून, त्यांच्यासारखी. रस्ताभर वाक्य जुळवत होतो.

ते खिडकीपाशी बसले होते. शर्ट खांद्यावर मोठा झाला होता. बाटली बघून हसले, बूड वाचलं, "बरी आणलीत," म्हणाले. वहिनींनी स्टीलचे पेले दिले. मी ओतली.

"सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं. आयुष्यात कुठल्या मुलाला कविता इतकी जीव तोडून समजावली नसेल. सातूचं पीठ, मागे थोडा गूळ, मग उन्हात वाळलेल्या गवतासारखं काहीतरी, आणि शेवटी कडू, पण लगेच जाणारं कडू, मेथीच्या दाण्यासारखं. एकही विशेषण उगीच नव्हतं. ते डोळे मिटून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पेला धरला.

"अगं, इकडे ये. एक घोट घे जरा."

"मी? भलतंच काय."

"घे गं. शेवटी कडू आहे का, एवढंच सांग."

वहिनींनी नाक मुरडून ओठ लावला. "कडूच आहे बाई. कसं पिता तुम्ही लोक."

"हो ना," ते म्हणाले. "तेच म्हणाले हे. बरोबर आहे." आणि माझ्याकडे बघून मान हलवली, उत्तर तपासून झाल्यावर हलवायचे तशी. त्यांच्या मनात माझा अपमान करायचं नव्हतं. त्यांना खरंच खात्री करून घ्यायची होती. आता त्यांच्याकडे नाक नव्हतं आणि मीही नव्हतो.

जुळवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. वहिनी तिथेच उभ्या होत्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं आणि त्यांच्यासमोर बोलायचं म्हणजे सगळं सांगायला लागलं असतं. त्या आत जातील म्हणून मी थांबलो. त्या गेल्या. मग मी पाऊस कमी झाल्याबद्दल बोललो. धरणाबद्दल बोललो. ते हो हो म्हणत राहिले. टेबलावर नकाशाचे तुकडे आणि पेन होतं. निघेपर्यंत मी तिकडे बघत होतो. त्यांनी मला चिठ्ठी लिहून दिली नाही. ते जुनं वाक्यसुद्धा नाही.

पुढच्या भेटीत बोलू, असं मी जिन्यात ठरवलं. पुढची भेट वैकुंठ स्मशानभूमीत झाली.

तेव्हापासून मी ते वाक्य मनात घासतोय. सुरुवातीला ते फार लांब होतं. त्यात तीस वर्षं होती, ते चव नाही, शब्द आहेत होतं, मला काय वाटलं आणि का वाटलं ते होतं. हळूहळू एकेक काढत गेलो. विशेषणं नकोत, म्हणाले होते. आता एवढंच उरलंय.

सर, ती कडू होती. मला माहीत होतं. माफ करा.